पद्मावतीवैनी आणि डावा सिलिंडर

पद्मावतीवैनीबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या गोव्यातल्या हरमलात कुणालाही विचारा ती बाई कशी आहे म्हणून. सकाळी सायकलवरून उंडे, म्हणजे पाव, घेऊन येणारा पोदेर सांगेल, मासळीवाल्या सांगतील, तिच्या खोल्यांत चार-चार महिने ठाण मांडून बसणारे परदेशी पाव्हणेसुद्धा सांगतील, की असं माणूस शोधून मिळायचं नाही. मी सांगेन, तिनं माझी जागा घेतली. आणि घेतली तेव्हा तिथं कुणी बसलंय हे तिच्या गावीही नव्हतं, ह्याचाच मला जास्त राग.

मी जयराम. हरमलात माझं गॅरेज आहे, भाड्याच्या स्कूटरी आणि मोटारसायकली दुरुस्त करण्याचं. तीस वर्षं झाली. रस्त्यावरून गाडी गेली की मी आत बसून सांगतो, हिचा प्लग गेलाय की हिला इंधन जास्त होतंय. आणि ते चुकत नाही. पद्मावतीवैनीचा नवरा शंभू माझा शाळेपासूनचा दोस्त. तो वीजखात्यात लाइनमन होता, दिवसभर खांबांवर, आणि संध्याकाळी घरी येऊन हलक्या लाकडाची विमानं बनवायचा. शोभेची नव्हेत, खरी उडणारी. पाच-सहा फुटांचे पंख, पुढं छोटं इंजिन आणि हातात रिमोट. विमान बनवायचं आणि उडवायचं त्यानं, इंजिन लावायचं मी, अशी आमची वाटणी. वीस वर्षं ती मोडली नाही.

ह्या इंजिनाला ग्लो इंजिन म्हणतात. स्कूटरसारखी त्याला ठिणगी नसते. प्लगमध्ये केसाएवढी तार असते. सुरू करताना ती बॅटरी लावून लाल करायची, एकदा इंजिनानं धरलं की बॅटरी काढून घ्यायची. मग आतल्या जाळानंच तार लाल राहते. इंधन म्हणजे मिथेनॉल आणि तेल. ते किती जाऊ द्यायचं हे ठरवते एक बारीक सुई, कार्बोरेटरच्या बाजूला असते, बोटाच्या चिमटीत धरून एकेक टिक फिरवायची. सैल सोडली तर इंजिन धूर ओकतं आणि कुंथत चालतं, फार पिळली तर आवाज मस्त चढतो आणि मग तापून मरतं. सगळा खेळ त्या सुईचा. शंभूच्या विमानाची सुई माझ्याशिवाय कुणी फिरवलेली नव्हती. शंभूनंसुद्धा नाही.

आम्ही मोप्याच्या सड्यावर उडवायचो. लांबच लांब काळा जांभा दगड, झाड नाही, तार नाही. वैनी चहाचा थर्मास आणि भाजीपाव घेऊन यायची, एका दगडावर बसायची आणि बघत राहायची. आम्ही तिला काही सांगत नव्हतो, तीही विचारत नव्हती. उडवून झालं की मी खिशातून खोबरेलाची बाटली काढायचो, इंजिनात चार थेंब सोडायचो आणि पंखा हातानं चार वेळा फिरवून ठेवायचो. मिथेनॉल पाणी ओढतं, आत गंज चढतो, म्हणून तेल. त्यासाठी वेगळं तेल मिळतं, पण मला माझं खोबरेल बरं वाटायचं. आमच्याकडे केसाला खोबरेल, भाजलेल्याला खोबरेल, कुलपालाही खोबरेल.

मात्र त्यात एक गोम होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. पुढच्या वेळी इंजिन लावायच्या आधी मी ते गॅरेजच्या पत्र्यावर अर्धा तास उन्हात ठेवायचो आणि सुई पूर्ण काढून भोकातून इंधन मारून धुऊन घ्यायचो. कारण थंडीत खोबरेल थिजतं, आणि त्या भोकात थिजलं तर कारभार आटोपला. माझ्या उस्तादानं मला सांगितलं होतं, नव्वद गोष्टी शिकव, दहा मुठीत ठेव. तो माझ्याशीही तसाच वागला. मी शंभूशी तसा वागलो.

मग मोप्याला विमानतळ आला. खरी विमानं आमच्या सड्यावरून उतरायला लागली आणि आमची बसली. एकदा पोलिसांनी येऊन नीट समजावून सांगितलं, की आता ह्या भागात असलं काही उडवायचं नाही. बरोबरच होतं त्यांचं. पण शंभू वर्षभर रिमोटला हात न लावता बसला. त्यातच त्याला डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही, वर्ष म्हणा फार तर. बाजूचं त्याला दिसेनासं झालं होतं. समोर नळीतून बघावं तेवढंच काय ते दिसायचं.

तेव्हा त्यानं शेवटचं विमान बनवायला घेतलं. आठ फुटी पंख, लाल आणि पिवळं, मुद्दाम भडक, त्याला दिसावं म्हणून. आणि त्याला इंजिन बसवायचं ठरलं दोन सिलिंडरचं. ते इंजिन वैनीचं होतं. हो, वैनीचं. तिच्याकडे दर थंडीत एक म्हातारा परदेशी पाव्हणा यायचा, त्यालाही हा नाद होता. त्याला डेंग्यू झाला तेव्हा हिनं त्याला पेज भरवून उठवला. जाताना त्यानं ते इंजिन शंभूला नाही दिलं, मला तर नाहीच नाही. हिच्या हातात दिलं. हिनं ते दोन वर्षं तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं, ओल लागू नये म्हणून. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातात घेऊन उलटंसुलटं करत राहिलो. दोन्ही बाजूंना दोन सिलिंडर कानासारखे आडवे, मधे एकच कार्बोरेटर. तीस वर्षं इंजिनांत हात काळे केले मी, आणि असलं इंजिन मिळालं कुणाला, तर तव्यावर तांदळाचे पोळे घालणाऱ्या बाईला.

तिचं माहेर पाळीचं, डिचोलीतलं. बाप खाणीवर होता. तिच्या लहानपणी सगळ्या गावाचे कपडे तांबडे असायचे म्हणे. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती समुद्राकाठी आली. शंभूच्या पगारात भागेना तेव्हा तिनं मागल्या दोन खोल्या पाव्हण्यांना दिल्या, मग चार केल्या. पाण्याचा पंप बिघडला, मिक्सर बिघडला, तर ती आधी हात लावून बघते, कुठं गरम आहे आणि कुठं गार. पोराला ताप असो की मोटारीला, तिची तपासायची रीत एकच. आणि बहुतेक वेळा तिला बरोबर सापडतं, हे मी दात-ओठ खात कबूल करतो.

उडवायला जागा तिनंच शोधली. तिचा भाऊ श्रीनाथ पाळीला राहतो, खाणीवर डंपर चालवायचा, आता टेम्पो चालवतो. बंद खाणीच्या वरच्या अंगाला एक सपाट माळ होता, बाजूला मातीचे तांबडे ढीग आणि खाली खड्ड्यात हिरवं पाणी. मालकाची परवानगीही श्रीनाथनंच आणली. वारा तिथं दहानंतर उठतो, म्हणून उडवायचं तर सकाळीच. म्हणजे इंजिन हिचं, माहेर हिचं, माळ हिच्या भावाचा. मला वाटलं, निदान सुई तरी माझी आहे.

दोन सिलिंडरचं इंजिन म्हणजे दोन बैलांची जोडी. एक थकला की दुसरा ओढत राहतो आणि वरून बघणाऱ्याला वाटतं नांगर चाललाय. वैनीच्या मागल्या अंगणात मी ते लाकडी घोडीवर बांधलं. पहिले काही दिवस सुई सैल ठेवून थोडं थोडं चालवलं, नवं इंजिन असंच बसवायचं असतं. पूर्ण वेगाला ते छान गुरगुरायचं. पण वेग कमी केला की एक सिलिंडर विझायचा आणि दुसरा एकटाच फाट फाट करत राहायचा. चार रविवार मी त्याच्या मागं लागलो. प्लग बदलला, सुई पिळली, सैल केली, पुन्हा पिळली. माझ्या कानानं सांगितलं होतं की उजवा विझतोय, म्हणून मी उजव्याच्याच मागं होतो.

चौथ्या रविवारी शंभू कदेलीवर, आपल्या लाकडी खुर्चीवर, बसून ऐकत होता, श्रीनाथ पाळीहून आला होता. वैनी आत पोळे घालत होती. आवाज बिघडला तशी ती ओल्या हातानं बाहेर आली, वाकली, आणि तव्यावर मारावा तसा पाण्याचा शिंतोडा दोन्ही सिलिंडरांवर मारला. उजव्यावर चर्र झालं. डाव्यावरून पाणी मुकाट्यानं घरंगळलं.

"डावो थंड असा," ती म्हणाली आणि आत गेली. तिचा पोळा करपत होता.

श्रीनाथ हसला. शंभूही हसला, आणि त्याचं हसणं मला जास्त लागलं. चार रविवार मी चालणाऱ्या सिलिंडरला औषध देत होतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणालं नाही, पण मला ते ऐकू आलं.

एवढ्यावर थांबली असती तर मी गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तिनं साबणाचा फेस केला. गॅसचं सिलिंडर बदललं की आपण नळीला फेस लावून बघतो ना, तसा तिनं इंजिन चालू असताना डाव्या सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या सांध्याला लावला. फेस आत ओढला गेला आणि आवाज बदलला. तिथून चोरटी हवा आत जात होती. तिनं माझ्याकडे पॅकिंगचा कागद मागितला. मी म्हटलं, संपलाय. माझ्या मागच्या फळीवर गुंडाळी पडली होती. तिनं बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसवला आणि दोन्ही सिलिंडर बरोबर चालू लागले. गॅरेजमधून मला तो आवाज ऐकू आला. वाट बघून मी संध्याकाळी गेलो, काहीतरी बिनसलं असेल म्हणून. काहीच बिनसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी सवयीनं सुईला हात घातला, तर शंभू म्हणाला, "जयराम, सुई हिच्याकडे दी."

सहज म्हणाला. पाण्याचा तांब्या दे म्हणावं तसं. मी हात काढून घेतला आणि पुसला. त्यानंतर रोज तो कदेलीवर बसून तिला शिकवायचा. इंधनाची नळी चिमटीत क्षणभर दाब, आवाज चढला तर सुई अजून सैल आहे. विमानाचं नाक आभाळाकडे करून धर, तरी आवाज पडता कामा नये. मी त्याला सांगितलेलं तो तिला सांगायचा, माझ्यादेखत, आणि ती मान हलवून एकेक टिक फिरवायची. दर वेळी पाण्याचा शिंतोडा, दोन्हीकडे चर्र. मी हसत उभा राहायचो. आत नुसता जळत होतो. तिच्याशी भांडायलाही जागा नव्हती, कारण ती मला आधी चहा द्यायची आणि मग नवऱ्याला.

पाळीला जायचा दिवस ठरला जानेवारीतल्या एका रविवारचा. शंभूची नजर तोवर आणखी आकसली होती. डोळ्यांसमोर धरलेलं रुपयाचं नाणं, तेवढीच राहिली होती. त्यानं मला एकट्याला गाठून सांगितलं, की एकदा हे दोन सिलिंडरचं आभाळात फिरताना बघू दे, मग डोळे गेले तरी माझं गाऱ्हाणं नाही. त्याला दुसरं काही नको होतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असतानाच मी पुढचं केलं.

शनिवारी संध्याकाळी मी एका स्कूटरीची किल्ली द्यायला त्यांच्या मागल्या बाजूनं गेलो. वैनी अंगणात एकटीच होती. इंजिन शेवटचं चालवून झालं होतं. शंभूच्या डोळ्यांच्या औषधाची एक रिकामी कुपी तिनं धुऊन ठेवली होती, थेंब थेंब पडतो ती. त्यात खोबरेल भरलेलं. पाच थेंब डाव्या सिलिंडरात, पाच उजव्यात, पाच कार्बोरेटरच्या तोंडात. मग पंखा हातानं चार वेळा फिरवला. मी जनेलाच्या उघड्या झडपेआड उभा राहून बघत होतो. पाळीला पहाटे किती थंडी असते ते मला माहीत होतं. हरमलात खोबरेल नुसतं गढुळतं, तिथं दगड होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. वैनी, सकाळी भोक धुऊन घ्या. जिभेवर आलं होतं. आणि मग मनात आलं, बोलू नको. उद्या इंजिन धरणार नाही, सगळे माझ्याकडे बघतील, मी सुई काढीन, फुंकीन, धुईन, आणि शंभू म्हणेल, जयरामाशिवाय हे काम नाही. एवढंच हवं होतं मला. विमान पडावं असं माझ्या मनात नव्हतं, देवाशपथ. मी किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि आलो तसा परत गेलो.

पाळीच्या माळावर सकाळी सातला धुकं होतं. श्रीनाथनं जागेच्या राखणदाराला नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. बा देवा राखणदारा म्हाराजा, ह्या लेकरांनी नवा काम हाती घेतल्यानी, त्येंका यश दी, काय चुकला माकला तर पदरात घी रे म्हाराजा. गाऱ्हाण्याला हजर असतील त्या सगळ्यांनी होय म्हाराजा म्हणायचं असतं. शंभू म्हणाला, वैनी म्हणाली. माझं तोंड उघडलं नाही.

इंजिन धरायला वेळ लागला. मी पुढं व्हायच्या तयारीत होतो. एवढ्यात ते धूर सोडून सुरू झालं. थोडं घुटमळलं, मग साफ झालं. वैनीनं शिंतोडा मारला, दोन्हीकडे चर्र. नाक वर करून धरलं, आवाज पडला नाही. शंभूनं मान डोलावली. माझा हिशेब चुकला होता आणि मला त्याचंही वाईट वाटलं, बघा माणूस किती खाली जातो. मी तरातरा चालत श्रीनाथच्या टेम्पोपाशी जाऊन उभा राहिलो, पन्नास पावलांवर.

इथं एक सांगायला हवं. मोप्यावर शेवटी शेवटी शंभूला विमान मधेच दिसेनासं व्हायचं, तेव्हापासून तो उडवताना मी त्याच्या डाव्या खांद्यामागं उभा राहायचो आणि सांगत राहायचो. डावीकडं, वर, लांब गेलंय, फिरव. ते माझं काम होतं. त्या दिवशी मी ते टाकून टेम्पोपाशी उभा राहिलो. मला कुणीतरी बोलवावं म्हणून. कुणी बोलावलं नाही, कारण सगळे आभाळाकडे बघत होते.

विमान सुटलं. काय सुटलं ते. लाल-पिवळं, धुक्यातून वर, आणि तो दोन सिलिंडरचा आवाज, भरलेला, गोल. शंभू तोंड उघडं टाकून बघत होता, मान विमानाबरोबर फिरवत. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत माझ्या कानाला आधी कळलं. मिथेनॉल वाफ होऊन उडताना कार्बोरेटर गार करतं, इंजिन कितीही तापलेलं असो, तो बर्फासारखाच असतो. आत कुठंतरी चिकटलेली खोबरेलाची कणी सुटली होती आणि भोकात बसली होती. इंधन कमी पडलं आणि आधी कमजोर तो डावा सिलिंडर विझला. उजवा एकटा ओढत राहिला. विमान खाली यायला लागलं, ढिगाच्या बाजूला झुकलं, आणि शंभूच्या त्या नाण्याएवढ्या नजरेतून निसटलं.

"खंय असा?" शंभू ओरडला. "माका दिसणा नाय."

वैनी बोट दाखवत होती. बोट दाखवून काय उपयोग, त्याला बोटही दिसत नव्हतं. उजवीकडं, शंभू, उजवीकडं आणि थोडं वर, एवढे शब्द होते. ते म्हणणारा माणूस पन्नास पावलांवर होता. मी धावलो. मी पोचेपर्यंत विमान तांबड्या ढिगात नाकावर गेलं होतं.

मी सगळ्यांच्या आधी तिथं गेलो, ते मदतीला म्हणून नव्हे. पाना काढला आणि सुई बाहेर काढली. भोकात पांढरा दाणा, तांदळाच्या कणीएवढा. नखानं काढून बोटावर घेतला तर तो तिथंच वितळला आणि बोट तेवढं तेलकट राहिलं. पंख मधोमध मोडला होता. मागून वैनी धापा टाकत आली. तिनं माझं बोट बघितलं, आणि तिला कळलं.

"तेल तुमीच घालतास ना?" ती म्हणाली. "मी तुमचाच बघून शिकलंय. थिजतला म्हणान मनात इल्ला माझ्या. पण तुमी घालतास म्हटल्यार गप रवलंय."

दोष दिला नव्हता हो तिनं. विचारत होती, आपलं कुठं चुकलं म्हणून. मोप्याच्या त्या दगडावर बसून तिनं वीस वर्षं मला बघितलं होतं. किती थेंब, पंखा किती वेळा फिरवायचा, सगळं. स्वतःच्या माहेरच्या थंडीपेक्षा तिनं माझ्या हातावर जास्त भरवसा ठेवला. आणि मी समजत होतो की तिनं माझी जागा घेतली.

शंभू खाली बसून होता. इंजिन शाबूत आहे का, एवढंच त्यानं विचारलं. दोन फेऱ्या बघितल्या, पुरे झाल्या, असंही म्हणाला. चतुर्थीपर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले. आता उजेड आणि काळोख एवढंच त्याला कळतं.

विमान पडल्यावर चौथ्या दिवशीच मी तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सांगितलं होतं. शनिवारी तिला तेल घालताना मी बघितलं होतं आणि बोललो नव्हतो. उन्हात ठेवण्याचं आणि धुण्याचंही सांगितलं. तिनं गॅस बंद केला. ती शिव्या देईल असं मला वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, उन्हात किती वेळ ठेवायचं, आणि मी म्हटलं अर्धा तास. तिनं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. शंभूला तिनं काही सांगितलं नाही, आजवर नाही.

पावसाळाभर आम्ही ते विमान पुन्हा जोडलं. मी रोज गॅरेज बंद करून जायचो. शंभू चाचपून सांगायचा, ती कापायची, मी चिकटवायचो. वैनी माझ्याशी कामापुरतं बोलायची. चहा मिळायचा, पण आता नवऱ्याच्या नंतर. रिमोटवर उडवायलाही ती त्याच वर्षात शिकली, श्रीनाथच्या माळावर, शंभूच्या जुन्या एका सिलिंडरच्या विमानावर. पहिल्या दिवशीच तिनं ते नीट उतरवलं. शंभूला पहिलं उतरवायला दोन महिने लागले होते. मत्सर गेला असं समजू नका. खाई त्याला खवखवे म्हणतात, मी दोन्ही गोष्टी खाल्ल्या, तिचा मत्सर आणि माझा गुन्हा, आणि दोन्ही अजून खवखवतात.

ह्या जानेवारीत आम्ही पुन्हा पाळीला गेलो. तेच धुकं. श्रीनाथचं तेच गाऱ्हाणं. ह्या खेपेला मी होय म्हाराजा म्हटलं, सगळ्यांत मोठ्यानं. इंजिन तिनं आदल्या दिवशीच उन्हात ठेवलं होतं, धुतलं होतं. दोन्हीकडे चर्र झालं. मग मी आपला टेम्पोच्या दिशेनं निघालो. तिथंच उभं राहायची माझी लायकी, असं मनाशी ठरवलं होतं मी.

वैनीनं सुईवरचा हात न काढता मला हाक मारली. शंभूला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी तुमी गप रवलात. आता तुमीच बोलायचा."

तिनं रिमोट घेतला. मी शंभूच्या डाव्या खांद्यामागं जाऊन उभा राहिलो. माझी जुनी जागा, जिच्यासाठी मी एवढं केलं, ती मला अशी मिळाली. विमान सुटलं आणि मी बोलायला लागलो. आता ढिगाच्या वर आहे, शंभू. आता पिवळा पंख आपल्याकडे आलाय, ऊन पडलंय त्याच्यावर. आता खड्ड्यावरून जातंय, हिरव्या पाण्यात त्याची सावली दिसते. मी थांबलो नाही. शंभू तोंड वर करून उभा होता, मान बरोबर त्या बाजूला फिरवत, गेल्या वर्षीसारखाच. पाचव्या फेरीला तो हसला.

"इतक्या बरा सांगतंस रे तू," तो म्हणाला. "मगे त्या दिवशी कित्याक नाय सांगलंस?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. सहज विचारलं त्यानं, सुई हिच्याकडे दी म्हणाला होता तसंच. वैनीनं रिमोटवरून नजर काढली नाही, पण तिनं ऐकलं. दोन्ही सिलिंडर चालत होते.

"आता उजवीकडं वळतंय, शंभू," मी म्हटलं. "उजवीकडं, आणि थोडं वर."